मी अटाळी, स्टोअर नव्हे

मित्रांनो, मी जुनी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला 'अरेरे' म्हणायचं असेल त्याने आत्ताच म्हणून घ्यावं. नंतर मध्येमध्ये उसासे टाकलेले मला खपायचे नाहीत. तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी छत्री रडते, गंजका कंदील रडतो, पिंजऱ्यातला पोपट तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रडतो. मला रडता येत नाही. मला डोळेच नाहीत. मी वस्तू नाही, प्राणी नाही, यंत्रही नाही. मी एक शब्द आहे.

अटाळी.

म्हणा बघू एकदा. मोठ्याने म्हणा, पुटपुटू नका. मी काही गुपित नाही. आणि 'शब्द' हा शब्द पुल्लिंगी असला तरी मी बाई आहे, तेव्हा 'मी आलो, मी गेलो' असलं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही.

आता माझा अर्थ. तुमच्यातल्या निम्म्यांना तो ठाऊक नाही, आणि उरलेल्या निम्म्यांनी आत्ता मान डोलावली ती उगाच, हे मला पक्कं माहीत आहे. घराच्या कौलांखाली, आढ्याच्या पोटात जी खोली असते, ती अटाळी. खोली हं! फळ्यांची जमीन असते, वर जायला जिना असतो, दार असतं, उजेडाला एक जनेल असतं. आमच्या गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात. मधोमध माणूस ताठ उभा राहतो. कडेला गेला की वाशाला डोकं आपटून शहाणा होतो.

पोटमाळा स्वतःला माझा भाऊ म्हणवतो. कसला भाऊ! छताखाली चार फळ्या ठोकल्या आणि त्यांवर फुटक्या बादल्या चढवल्या की झाला पोटमाळा. त्यात मांजरसुद्धा पोट आत ओढून जाते. माडीचा तोरा आणखी वेगळा. तिला कठडा, तिला नक्षी, आणि पाहुण्यांशिवाय ती कोणाला ओळख देत नाही. अट्टालिका म्हणून माझी एक लांबची मावशी आहे, ती फक्त कवितेत राहते. तिच्या खिडकीत कायम कोणीतरी राजकन्या उभी असते. त्या राजकन्येने एकदा तरी तिथला केर काढलाय का?

राहिला स्टोअर. त्याच्यासाठी मी थोडं अधिक राखून ठेवलं आहे. दम धरा.

शब्द माणसाच्या तोंडात राहतो. कोणी मला बोललं की मी जागी होते आणि तिथलं सगळं मला कळतं. कसं कळतं ते विचारू नका, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ते दिलेलं नाही. डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से गावात एक घर होतं, तिथे मला दिवसातून वीस वेळा बोलत. त्यामुळे मी तिथे मुक्कामालाच होते म्हणा ना.

ते घर सखारामचं. भाताची दोन शेतं, मागे काजूचा डोंगर. गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य होतं. सखारामची मुलगी सुमंगला लग्नानंतर दीड वर्षात विधवा होऊन माहेरी परत आली. एकोणीस वर्षांची. नातेवाईक जमले, हळहळले, जेवले आणि तिच्यासाठी त्यांनी चुलीमागचा एक कोपरा नेमून दिला. तिथे तिने पडायचं, तिथेच उठायचं, आणि शुभकार्य असलं की तिथून हलायचं नाही. रीत म्हणे! असल्या रीती शोधून काढणाऱ्यांना एकदा त्या कोपऱ्यात आठवडाभर धुरात बसवायला हवं होतं.

सखारामने सगळ्यांना निरोप दिला. नातेवाईक गेल्यावर त्याने गावातल्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावलं. आढं दोन हात वर उचलून घेतलं आणि कौलांखाली मुलीसाठी खोली बांधली. पूर्वेला जनेल, आणि दाराला आतून कडी. अख्ख्या घरात आतून कडी असलेली बाईमाणसाची ती एकच खोली.

"ही सुमंगलेची अटाळी," तो म्हणाला. आणि मी त्या घरात राहायला आले.

काय ते दिवस! "अटाळीत उजेड आसा, तांदूळ थंय बसान निवडूया." "पोर झोपला? अटाळीत नेवन घाल." सुमंगलाने शिवणयंत्र आणलं, माप घ्यायला शिकली, आणि गावातल्या मुली जिना चढू लागल्या. "खंय चललंस गो?" "अटाळीत, पोलका शिवूक." निम्म्या गावाची पोलकी तिथे शिवली गेली. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची सासू खाष्ट, कोणाचा नवरा खाणीवर कामाला जातो म्हणून सांगून भलतीकडेच जातो, सगळं मला सगळ्यांच्या आधी कळायचं. माडीला हे सुख स्वप्नात तरी मिळालंय का?

सखाराम थकला तेव्हा त्याने एक कागद केला. अक्षर मोत्यासारखं, मराठी अगदी स्वच्छ: 'सुमंगलेने हयात असेतो अटाळीत राहावे. तिला तेथून कोणी उठवू नये.' खाली त्याची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. सुमंगलाला वाचता येत नव्हतं, पण त्यात मी कुठे आहे ते तिने बोटाने विचारून घेतलं होतं. कधीकधी पेटी उघडून ती नुसतं माझ्यावर बोट ठेवायची.

मग पोर्तुगीज गेले. सखारामही गेला. घर त्याच्या मुलाकडे आलं आणि त्याच्यानंतर नातवाकडे. ह्या नातवाचं नाव शिवदास. सुमंगला त्याची आत्या, तो तिला 'आते' म्हणे. लहानपणी तिच्याच मांडीवर झोपायचा, पण हे सांगून काय उपयोग, मांडीवर झोपलेली माणसं मोठी झाली की त्यांना मांडी आठवत नाही.

शिवदास पणजीला शिकायला गेला. येताना एक पदवी घेऊन आला आणि एक स्टोअर घेऊन आला. "वर स्टोअर आहे," तो पाहुण्यांना सांगू लागला. वर आत्या शिवत बसलेली असायची आणि खाली हा सांगायचा, स्टोअर आहे! पंचायतीच्या घरपट्टीच्या फॉर्मवर त्याने स्वतःच्या हाताने भरलं: 'साल, दोन खोल्या, रांधपाची खोली, वर स्टोअर.' साल म्हणजे आमच्याकडची बैठकीची खोली. सखारामच्या मराठीचा वारस तो हा.

मित्रांनो, स्टोअर म्हणजे काय ते मला सांगा बघू. ज्याला घरात ठेवायचं नाही आणि टाकायचंही नाही, ते जिथे कोंबतात ते स्टोअर. शब्द कसला, कोनाड्यातली अडगळ ती! त्याला ना चव ना रूप. म्हणताना जीभ हलली न हलली, काम संपलं. शिवदासची बायको विमला नवीन होती, तीही नवऱ्याचं ऐकून स्टोअर म्हणायला लागली. राहता राहिली सुमंगला. अख्ख्या घरात एकच तोंड माझं.

मग एकोणीसशे शहाऐंशी साल आलं, आणि गोव्यातली माणसं भाषेवरून एकमेकांच्या अंगावर धावायला लागली. राजभाषा मराठी की कोंकणी? भिंती रंगल्या, बस अडल्या, सोयरिकी मोडल्या. पाळी गावच्या खाणीच्या ऑफिसात कारकून असलेला आमचा शिवदास गावच्या मराठी समितीचा चिटणीस झाला. काय भाषणं करायचा! मराठी आमचा श्वास, मराठी आमचा प्राण, मूठ आवळून, मानेच्या शिरा फुगवून. आणि घरी येऊन म्हणायचा, "विमल, स्टोअरमधला बॅनर काढ, मीटिंगला लेट होतोय."

समोरच्या घरात ओंकार राहायचा. तो कोंकणीवाला. शिवदासने रंगवलेल्या भिंतीसमोरची भिंत तो रंगवायचा. सकाळी मात्र दोघे एकाच पोदेराच्या सायकलवरच्या टोपलीतून पाव घ्यायचे, एकमेकांकडे न बघता. पोदेर बिचारा पाव मोजून दोघांनाही देई. एकाच भट्टीचे होते, पण ते त्यांना कोण सांगणार?

ह्या सगळ्या धामधुमीत शिवदासला स्लॅबचं वेड लागलं. खाणीवरच्या सगळ्यांच्या घरांवर स्लॅब चढले होते. पुढच्या पावसाळ्याच्या आत कौलं, वासे, आढं सगळं उतरवून सपाट स्लॅब घालायचा, असं त्याने ठरवलं. आणि एके सकाळी आत्येला सांगितलं, जसं काही बाजारातून काय आणू ते विचारतोय.

"आते, तू मुरगावला प्रभावतीकडे राहायला जा. तिलाही सोबत होईल."

प्रभावती त्याची बहीण. तिचा नवरा बंदरात कामाला. दीड खोली, माणसं पाच.

"मुरगावांत मी काय करू? बोटी मोजू?" सुमंगला म्हणाली.

"तिथे सगळी सोय आहे गो."

"आणि मशीन खंय ठेवू? प्रभाच्या डोक्यार?"

"मशीन देऊन टाक कोणाला तरी. ह्या वयात पोलकी कोण शिवतं?"

"जेका पोलक्यां व्हयी तेका इचार. माका माजी अटाळी व्हयी. बाकी घर तुजा, पाड नायतर खा."

विमला दारामागून हसली. हसली ती कोणाला, हे तेव्हा मला कळलं नाही. शिवदासला वाटलं, आत्येला हसली. म्हणून त्याला जोर चढला. "कसली अटाळी अटाळी लावली आहेस! स्टोअर आहे तो!"

सुमंगला वर गेली. आतून कडी लावली. पेटी उघडल्याचा आवाज आला. खाली आली तेव्हा तिच्या हातात वडिलांचा कागद होता. तो तिने शिवदासच्या हातात दिला नाही. पदरात बांधला आणि थेट सरस्वतीबाईंकडे चालत गेली.

सरस्वतीबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शिवदासला बाराखडी त्यांनी शिकवलेली, आणि मराठी समितीच्या अध्यक्षाही त्याच. गावात त्यांना कोणी घाबरत नाही असं म्हणणारा माणूस त्यांच्या वर्गात बसलेला नसणार. त्यांनी रविवारी दुपारी शिवदासच्या घरी यायचं ठरवलं. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, समितीची पाचसहा माणसं जमली. समोरच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ओंकार पाय हलवत बसला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण फुकटचा तमाशा कोण सोडतो?

बाईंनी कागद मोठ्याने वाचला. मग चष्म्यावरून शिवदासकडे पाहिलं.

"अक्षर आजोबांचंच आहे," शिवदास म्हणाला. सभेत तो छापील मराठी बोलायचा. "मी कागद नाकारत नाही. परंतु बाई, आमच्या घरात अटाळी आहे कुठे? हा पंचायतीचा फॉर्म पाहा. वर स्टोअर आहे. कागदातली अटाळी म्हणजे नक्की काय, हे कोणी सांगावं? सामान टाकायची एखादी फळी असेल. आणि मुळात," इथे त्याने मूठ आवळली, "हा शब्द मराठी नाहीच. कोंकणी आहे. बायका बोलतात तसला."

मित्रांनो, मी ऐकलं. सखारामच्या स्वच्छ मराठी कागदात चाळीस वर्षं बसलेली मी, आणि मराठीचा हा चिटणीस मला सांगतो, तू आमची नव्हेस!

आणि दुसरी बाजू तरी मोठी शहाणी? गडग्यावरून ओंकार ओरडला, "ए शिवदास, आमच्यार घालू नाका हां! हो शब्द आमचो न्हय. आमी माळो म्हणटात. तुमच्या घाटावयलो आसतलो."

"तुमचाच!"

"तुमचोच रे!"

सगळे खो खो हसले. वर्षभर ह्याच दोघांनी भाषेसाठी रक्त सांडायच्या गोष्टी केल्या होत्या. एक अख्खा जिताजागता शब्द दारात उभा होता, आणि दोघेही त्याला शेजाऱ्याच्या अंगणात लोटत होते. आईच्या नावाने गळा काढायचा आणि आई दारात आली की 'ही कोण बाई?' म्हणून विचारायचं, त्यातला हा प्रकार. मला त्यांचा राग नाही आला. रागावण्याइतकी त्यांची किंमतच मला वाटली नाही.

सुमंगला मात्र हसत नव्हती. खांबाला टेकून ती बसली होती आणि तिचा अंगठा पदराच्या गाठीवर घासत होता. अर्थ ठरला नाही तर तिला मुरगावला जावं लागणार होतं. तिच्या दृष्टीने सगळं एवढंच होतं.

"शब्दकोश आणा," सरस्वतीबाई म्हणाल्या. कोणीतरी शाळेच्या कपाटातून जाडजूड ठोकळा आणला. बाईंनी उघडला. पहिली साठसत्तर पानं वाळवीने खाल्लेली. 'अ' पासून 'आ' पर्यंत सगळं भुसभुशीत, हात लावला तर पीठ. गावात मराठी मनापासून पचवणारं कोणीतरी होतं म्हणायचं, पण ते समितीचं सभासद नव्हतं.

"झालं," शिवदास म्हणाला. "म्हणजे अर्थ सिद्ध होत नाही."

तेव्हा पायरीवरून खोकल्याचा आवाज आला. तिथे सगुण मेस्त बसला होता. त्याला सभेला बोलावलेलं नव्हतंच. वासे किती निघतील, लाकूड कुठे रचायचं, हे बघायला शिवदासनेच त्याला त्या दिवशी सांगावा धाडला होता, आणि सभा संपायची वाट बघत तो विडी न पेटवता तोंडात धरून बसला होता.

"बाय," तो सरस्वतीबाईंना म्हणाला, "माळ्याक दार असता काय?"

"नाही."

"कडी?"

"नसते."

"मगे? ह्या दार माज्या बापाशीन घडयला. मी रंधो मारीत होतंय. सखारामान सांगलेला, मेस्ता, माळो करू नको, अटाळी कर, माज्या चेडवाक रवाक व्हयी. लाकूड कापतल्या माणसाक नावां बरोबर सांगूक लागतत. चुकली तर चुकीचा कापून जाता."

"हे तोंडी झालं," शिवदास म्हणाला. "पुरावा?"

"पुरावो वर आसा. चला."

मग ती वरात जिन्यावरून वर निघाली. काय सांगू तुम्हाला! समितीचे पुढारी, पोटं सुटलेली, एकामागे एक, धापा टाकत. दोघांची डोकी वाशाला आपटली. एक जण मध्येच म्हणाला, "ही म्हातारी रोज चढते?" रोज, दादा. पाण्याची कळशी घेऊन.

सगुण दाराशी थांबला आणि त्याने चौकटीच्या वर बोट दाखवलं. तिथे एक खिळा होता. खिळ्यावर गवताचा एक मोठा झुबका, घरट्यासारखा.

आमच्याकडे चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत नवं येतं. शेतातली पहिली भाताची कणसं आंब्याच्या पानासकट देवासमोर ठेवतात, आणि मग घराचा कर्ता आपल्या हाताने ती दारांवर बांधतो. ह्या घरची एक जास्तीची रीत होती. ज्या दारामागे घरातलं माणूस झोपतं, त्याच दारावर नवं बांधायचं. जुनं काढायचं नाही, त्यावरच नवं बांधायचं. त्या खिळ्यावर सखारामने बांधलेली कणसं होती, काळी पडलेली, दाणा नसलेली. त्यांवर त्याच्या मुलाने बांधलेली. आणि सगळ्यांत वर अजून पिवळी असलेली, गेल्या भाद्रपदातली.

सरस्वतीबाईंनी टाचा उंचावून बघितलं. "ही गाठ कशाने बांधली आहे? ही तर ऑफिसातल्या फायलीची दोरी. टोकाला पत्र्याची चकती आहे. गावात अशी दोरी कोणाकडे असते?"

सगळ्यांच्या माना शिवदासकडे वळल्या. खाणीच्या ऑफिसातला कारकून तिथे एकच होता.

"शिवदास, ही तू बांधलीस?"

"हो, म्हणजे... दरवर्षी बांधतो. आई सांगून गेलीय, सगळ्या दारांना बांध म्हणून."

"सगळ्या? गोठ्याशेजारी लाकडांची खोली आहे, तिला बांधतोस?"

"नाही."

"का?"

"तिथे कोणी राहत नाही म्हणू..."

वाक्य त्याच्या तोंडात अर्धंच राहिलं. बारा वर्षं हा गृहस्थ नवं धोतर नेसून, जिना चढून, ह्या दाराला स्वतःच्या हाताने सांगत आला होता की इथे आमचं माणूस राहतं. आणि खाली उतरून पाहुण्यांना सांगत होता, स्टोअर आहे. हाताला अक्कल होती, तोंडाला नव्हती. अशी माणसं मी फार पाहिली, पण बॅनर घेऊन फिरणारा हा पहिलाच.

"रीत म्हणून बांधली हो," तो पुटपुटला.

"मगे रीत म्हणानच रवांदे तिका," सगुण म्हणाला, आणि आता कुठे त्याने विडी पेटवली.

सरस्वतीबाईंनी त्याला तिथेच, शिवणयंत्रावर कागद ठेवून, सखारामच्या ओळीखाली एक ओळ लिहायला लावली: 'वरील अटाळी आमच्या घरात आहे, आणि तीत सुमंगलाआत्या राहते.' खाली सही. माझं नाव त्याने स्वतःच्या हाताने, काना-वेलांटीसकट लिहिलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

"गो विमल, वाच बघू," सुमंगला म्हणाली. विमलाने वाचलं.

"परत वाच."

विमलाने परत वाचलं, ह्या वेळी मोठ्याने, आणि 'अटाळी'वर जरा थांबून. मग नवऱ्याकडे बघून ती दारामागून हसली होती तशीच हसली. तेव्हा मला कळलं, ती पहिल्यापासून कोणाला हसत होती.

शिवदासने हट्ट पूर्ण सोडला नाहीच. घराच्या पुढच्या अर्ध्या भागावर त्याने स्लॅब घातला, मागे आत्येच्या बाजूला कौलं तशीच. अर्धी दाढी करून न्हाव्याकडून उठून आलेल्या माणसासारखं घर दिसायला लागलं. राजभाषा कोण, ते पणजीत ठरलं. मग पुढच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी गोवा राज्य झालं. शिवदासने स्लॅबवर उभं राहून फटाके लावले, ओंकारने गडग्यावर. मला कोणी काही विचारायला आलं नाही. मीही वाट बघत बसले नव्हते.

आषाढात स्लॅब गळायला लागला. घाईघाईत घातलेला तो, पाणी कुठून शिरतंय ते ठेकेदारालाही कळेना. शिवदासच्या पलंगावर बरोबर मधोमध धार. विमला पहिल्याच दिवशी चटई काखेत मारून वर आली. "आते, अटाळीत येतंय हां." एवढं म्हणाली आणि सुमंगला बाजूला सरकली. त्यात काही विशेष नव्हतं.

शिवदासने तीन दिवस कळ काढली. पलंग इकडे ओढ, तिकडे ओढ, खाली बादली, वर छत्री. शिंका देऊन देऊन नाक लाल. चौथ्या दिवशी दुपारी गादी डोक्यावर घेऊन तो जिना चढला आणि दार वाजवलं.

"कोण?"

"मी गो आते. दार उघड."

"खंय येतंस?"

"वर."

"वर आभाळ आसा. बरोबर सांग."

"आते, भिजतंय गो मी!" छापील मराठी पावसात वाहून गेली होती.

"भिज मगे. खंयच्या खोलयेत येवचा आसा, तेचा नाव सांग."

जिन्यावर एक शिंक. मग पुटपुटणं. "अटाळीत."

"ऐकाक नाय येवक. मशीन चलता."

मशीन बंद होतं. विमला तोंडात पदर कोंबून पाठ फिरवून बसली होती.

"अटाळी! अटाळीत येतंय! आते, तुज्या अटाळीत माका घे!"

समोरच्या घराचं जनेल धाडकन उघडलं. ओंकारने डोकं बाहेर काढून ऐकलं. मग सुमंगलाने कडी काढली, त्याची गादी कौलाच्या उताराकडे ढकलली आणि टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. "डोक्या पुस. आणि कडेक निजतलंस तर वाशाक सांभाळ."

तर मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी सांगावं लागतं, म्हणून सांगते. माझी काळजी करू नका. मला तुमचं संग्रहालय नको, माझ्या नावाचा एखादा दिवस नको, आणि भाषण तर देवाशप्पथ नको. ते करणारे मी पाहिलेत. मी कोणाच्या भाषेतली, हेही भांडू नका. तुमच्याने व्हायचं नाही ते.

एवढंच करा. आज घरी गेलात की घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस जिथे झोपतं, त्या जागेला ते काय म्हणतं, हे त्यालाच विचारा. सोपा असो, माजघर असो, अटाळी असो, ते म्हणेल तेच तुम्ही म्हणा. आणि आत पाऊल टाकायच्या आधी दार वाजवा.